अर्भकाची दृष्टी आणि मेंदूतील ‘आरसा’

दुसऱ्याने वस्तूकडे हात नेला की पाहणाऱ्याच्या मेंदूत काय घडते, या प्रश्नाचा अभ्यास गेली तीन दशके एका रूपकाच्या छायेत चालला आहे. इटलीतील पार्मा येथे रिझोलाती व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये मकाक माकडाच्या मेंदूतील काही मज्जापेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. माकड स्वतः वस्तू उचलते तेव्हा उद्दीपित होणाऱ्या पेशींपैकी काही, दुसऱ्याला ती उचलताना नुसते पाहिले तरी उद्दीपित होतात, असे त्यांना आढळले. या पेशींना पुढे ‘आरसा-पेशी’ हे नाव मिळाले आणि नावाबरोबर अर्थही चिकटला : पाहणारा दुसऱ्याची कृती स्वतःत प्रतिबिंबित करतो, व म्हणूनच ती त्याला समजते. हा अर्थ तान्ह्या मुलांना लावला जातो तेव्हा त्याला आधार कितपत आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

माकडाच्या मेंदूत विद्युद्ग्र घालून एकेका पेशीची नोंद घेता येते. अर्भकाच्या बाबतीत तसे करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे अभ्यासकाच्या हाती असते ती डोक्यावर बसविलेली विद्युद्ग्रांची टोपी, आणि कवटीबाहेरून टिपलेली असंख्य पेशींची सामुदायिक लय. हातापायांच्या हालचालींशी निगडित अशा मेंदूच्या मध्यपट्टीवर, मूल स्वस्थ असताना, दर सेकंदास सुमारे ६ ते ९ आवर्तनांची एक लय मिळते. तिला म्यू लय म्हणतात. मूल हात हलवू लागले की ती मंदावते, आणि दुसऱ्याचा हात हलताना पाहूनही मंदावते. हे निरीक्षण आरसा-पेशींहून बरेच जुने आहे. फ्रान्समधील गास्तो व बेर यांनी १९५४ मध्येच, मुष्टियुद्धाची चित्रफीत पाहणाऱ्या प्रेक्षकांत अशीच लय मंदावल्याचे नोंदविले होते. त्यांना त्यासाठी आरशाची गरज भासली नव्हती, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.

आरसावादाच्या बाजूने जे प्रयोग पुढे केले जातात त्यांत व्हान एल्क प्रभृतींचा २००८ मधील प्रयोग महत्त्वाचा होय. १४ ते १६ महिन्यांच्या बालकांना त्यांनी रांगणाऱ्या व चालणाऱ्या मुलांच्या चित्रफिती दाखविल्या. रांगणे पाहताना लय अधिक मंदावली. आणि ज्या बालकाला रांगण्याचा अनुभव जितका अधिक, तितका हा परिणाम ठळक. निष्कर्ष मोहक आहे : जे अंगवळणी पडले तेच डोळ्यांना नीट दिसते. परंतु कोणते मूल किती महिने रांगले हे प्रयोगकर्त्याने ठरविलेले नव्हते. अधिक रांगलेल्या मुलाने आपलेच हात जमिनीवर पडताना अधिक वेळा पाहिलेलेही असणार. परिणाम अंगाच्या सवयीचा की डोळ्यांच्या, हे अशा तुलनेतून सुटत नाही.

गेर्सन, बेकरिंग व हुन्निउस यांचा २०१५ मधील प्रयोग हीच गाठ सोडवितो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील सर्वांत नेटका प्रयोग तोच होय. दहा महिन्यांच्या बालकांना एक नवी कृती प्रत्यक्ष करावयास शिकविली, दुसरी केवळ पाहू दिली. दोहोंतून वेगवेगळा ध्वनी निघत असे. नंतर बालकांना कृती दाखविलीच नाही. नुसते ध्वनी ऐकविले. स्वतः केलेल्या कृतीच्या ध्वनीने म्यू लय अधिक मंदावली. डोळ्यांची सवय हे स्पष्टीकरण येथे पुरे पडत नाही. करण्याच्या अनुभवाची खूण ओळखण्याच्या क्षणी मेंदूत उमटते, एवढे यावरून मान्य करावे लागते.

पण खूण उमटणे म्हणजे समजणे नव्हे. लंडनमधील साउथगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तेरा महिन्यांच्या बालकांना कृतीचा केवळ काही भाग दाखविला. त्यावरून पुढील परिणामाचा अंदाज बांधता येत असेल तेव्हाच लय मंदावली. म्हणजे मेंदू झालेल्या हालचालीचा ठसा घेत नव्हता, होऊ घातलेल्या परिणामाकडे धावत होता. पुढे २०१३ मध्ये साउथगेट व बेगुस यांनी नऊ महिन्यांच्या बालकांना, त्यांना स्वतः करताच येणार नाही अशीही कृती अपेक्षिण्याजोगा प्रसंग दाखविला. तरीही लय मंदावली. ज्या कृतीचे प्रतिरूप अंगी नाही तिचे प्रतिबिंब कसले? त्यांचे म्हणणे असे की हेतू आधी ओळखला जातो, आणि चालक यंत्रणा मागाहून जागी होते. आरसावादाने जे कारण मानले ते येथे कार्य ठरते.

दोन परस्परविरुद्ध सिद्धान्त एकाच लयीची साक्ष काढीत आहेत, ही या क्षेत्राची खरी अडचण होय. तिचे मूळ बरेचसे ‘समजणे’ या शब्दाच्या सैल वापरात आहे. हात आता कोठे जाईल याची अपेक्षा करणे, हाताला काय हवे हे ओळखणे, आणि तो हात ज्याचा आहे त्या माणसाला काही हवे आहे हे जाणणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वुडवर्ड यांच्या १९९८ मधील प्रयोगांत सहा महिन्यांच्या बालकांनी, हाताने वेगळ्या मार्गाने पूर्वीचेच खेळणे धरले त्यापेक्षा वेगळे खेळणे धरले तेव्हा अधिक वेळ टक लावली. यातून दुसरी गोष्ट सूचित होते. तिसरीविषयी तो प्रयोग काही सांगत नाही, आणि म्यू लयही सांगत नाही.

हा शब्दच्छल नव्हे. २००५ मध्ये ओबरमन, रामचंद्रन प्रभृतींनी स्वमग्न व्यक्तींत दुसऱ्याची कृती पाहताना ही लय मंदावत नसल्याचे मांडले, आणि पाठोपाठ ‘भंगलेले आरसे’ ही कल्पना लोकप्रिय झाली. पुढील प्रयोगांत एकवाक्यता राहिली नाही. हॉब्सन व बिशप यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की म्यू लयीत डोक्याच्या मागील भागातील, लक्ष देण्यान्‌देण्याबरोबर बदलणारी आल्फा लय सहज मिसळते. जे मूल पडद्याकडे कमी पाहते त्याची लय वेगळी येईल. पण तेवढ्यावरून त्याला दुसऱ्याचे मन कळत नाही असे त्याच्या आईवडिलांना सांगणे हे शास्त्र नव्हे.

आणखी एक गोष्ट. हे प्रयोग बहुतांशी युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांच्या परिसरातील मुलांवर झाले आहेत. रोज अंगाला तेल लावून चोळले जाणारे, दिवसाचा बराच काळ आजीच्या कडेवर काढणारे मूल हालचालींचा निराळाच अनुभव घेऊन वाढते; आणि अनुभव हाच जेथे वादाचा विषय, तेथे ही उणीव किरकोळ नाही. हात पुढे करता येण्यापूर्वीपासून तीच मुले महिनोन्‌महिने तपासणे, मध्यपट्टीबरोबर मागील भागाच्या नोंदीही दर वेळी प्रसिद्ध करणे, आणि मूल पडद्याकडे किती क्षण पाहत होते हे सांगणे, इतके तरी पुढील अभ्यासकांकडून अपेक्षित आहे.