आकाशात पडलेल्याची वीरगळ

आमच्या भागातल्या जुन्या देवळांच्या आवारात वीरगळी दिसतात. खालच्या चौकटीत लढता लढता पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. शाळेची सहल गेली की हा दगड खालून वर वाचायचा असतो, हे मी मुलांना सांगतो. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, जो आकाशातच मेला, त्याला आणखी वर कुठे नेणार?" मुले हसली. मीही हसलो, पण उत्तर माझ्यापाशी नव्हते.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, शब्दकोश मांडीवर घेऊन, मी दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांतल्या माणसांविषयीची दोन इंग्रजी पुस्तके आणि एक कविता वाचली. त्या वाचनातून जे मनात राहिले ते रसिक वाचकांपुढे ठेवतो.

आधी थोडी माहिती हवी. ब्रिटनच्या लँकेस्टर विमानात सात माणसे असत. एक चालवणारा, एक इंजिनाकडे पाहणारा, एक नकाशा घेऊन वाट काढणारा, एक बॉम्ब टाकणारा, एक बिनतारी यंत्रावर आणि दोन तोफांवर. अशा तीस मोहिमा झाल्या म्हणजे पहिली पाळी पुरी होई. बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० वैमानिकांपैकी ५५,५७३ मेले. ज्यांचा देहही सापडला नाही अशा २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावे इंग्लंडात रनीमीड येथे १९५३ साली उभारलेल्या स्मारकाच्या भिंतींवर कोरली आहेत. हे सारे आपल्याला परके वाटेल. पण याच लँकेस्टर विमानांत मुंबईचे शैलेंद्र एकनाथ सुखटणकर वाट काढणाऱ्याच्या जागेवर बसले होते. पराक्रमाचे डी. एफ. सी. पदक मिळवून ते परत आले. आपल्यातला एक माणूस काळोखातून जर्मनीवर जात होता, आणि त्याच्यासारख्यावर एकही मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही!

पहिले पुस्तक गाय गिब्सन याचे 'एनिमी कोस्ट अहेड'. लेखक स्वतः वैमानिक होता. १९४३ च्या मे महिन्यात जर्मनीतली धरणे फोडण्याच्या मोहिमेचा तो म्होरक्या होता. १९४४ साली त्याने पुस्तक लिहिले, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो विमानासह पडला, आणि १९४६ साली पुस्तक निघाले. मेला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. पुस्तकात पोरसवदा उत्साह आहे, थट्टामस्करी आहे, आणि काल शेजारी जेवायला बसलेला आज नाही, हे सांगताना आवाज न चढवण्याची खानदानी रीत आहे. हा संयम मला फार आवडला. परंतु त्या रात्री गेलेल्या १९ विमानांपैकी ८ परतली नाहीत, १३३ माणसांपैकी ५३ मेली. आणि खाली, फुटलेल्या धरणांच्या पाण्यात, सुमारे १,३०० माणसे बुडाली. त्यांत सक्तीच्या मजुरीसाठी सोव्हिएत देशातून धरून आणलेल्या शेकडो स्त्रिया होत्या. बुडणाऱ्यांचा विचार गिब्सनच्या मनाला शिवतो, टोचतोही. पण तो काही ओळींतच आटोपतो. लेखक प्रामाणिक आहे, तथापि तो उंचावरून पाहतो आहे, आणि उंचावरून माणसे दिसत नाहीत.

दुसरी रचना अमेरिकन कवी रँडल जॅरेल याची, १९४५ सालची, अवघ्या पाच ओळींची. विमानाच्या पोटाखाली काचेचा एक गोळा असे, त्यात तोफवाला अंग दुमडून बसे. कवीला तो गर्भातल्या मुलासारखा दिसतो. हे मूल जन्मण्याऐवजी मरते, आणि सरकारला त्याची आठवण राहते ती केवळ एक जागा धुऊन काढण्यापुरती. पाच ओळींत एवढा घाव मी दुसरीकडे पाहिला नाही. काहींना ही कविता निर्दय वाटते. मला हे नाकबूल आहे. निर्दय आहे ती व्यवस्था. कवीने फक्त तिचे भाषांतर केले आहे.

तिसरे पुस्तक जोसेफ हेलर याची 'कॅच-२२' ही १९६१ सालची कादंबरी. हेलरने स्वतः इटलीच्या आघाडीवर बॉम्ब टाकणाऱ्याच्या जागेवरून ६० मोहिमा केल्या होत्या. कादंबरी वरवर विनोदी आहे, आणि प्रथम मी वैतागून ती मिटून ठेवली होती. पण तिच्यात एक प्रसंग वारंवार अर्धवट येतो आणि शेवटाकडे पुरा होतो. स्नोडन नावाचा पोरगा विमानात जखमी होऊन पडला आहे. नायक त्याच्या मांडीची जखम मोठ्या काळजीने बांधतो. पोरगा मात्र थंडी वाजते एवढेच म्हणत राहतो. कारण जीवघेणी जखम अंगरख्याच्या आत आहे, ती नायकाला दिसलेलीच नाही. हेलर दुसऱ्या दोन चौकटीही रिकाम्या ठेवत नाही. डोंगरउतारावरचे एक निरपराध खेडे उडवण्याचा हुकूम येतो, तेव्हा एक जण आपले बॉम्ब मुद्दाम खेड्यापलीकडे टाकतो. आणि घरी जाते ते छापील सांत्वनपत्र, ज्यात पती, पुत्र, पिता, भाऊ ही सारी नाती आधीच छापलेली! या छापील दुःखावर हेलर हसतो. त्याचे हसणे रास्त आहे. पण ते पत्र हातात घेणारी बाई हसत नसते. तिच्यापाशी हेलर फार वेळ थांबत नाही.

तिच्यापाशी थांबणे आपल्याला जमेल, असे मला वाटते. १९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे लढाऊ-बॉम्बफेकी विमान घेऊन गेले ते परत आले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्यासारखे एक नाव तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी वर्षांमागून वर्षे शोध चालवला. हरवलेल्यांचे काही नातेवाईक २००७ साली पाकिस्तानातले तुरुंगही पाहून आले; हाती काही लागले नाही. मेल्याची खात्री नाही, जगल्याची खूण नाही. ही जखम कोणत्या पट्टीने बांधायची? अमरावतीत जन्मलेल्या विश्राम बेडेकरांनी 'रणांगण' मध्ये, १९३९ सालीच, एका परक्या ज्यू मुलीचा समुद्रात झालेला शेवट आपल्या काळजाला लावला. परक्याचे दुःख आपले करणारी भाषा आपल्या माणसाच्या हरवण्यापुढे मुकी का राहावी?

त्या मुलाला मी पुढे उत्तर दिले. म्हटले, बाळ, त्याची वीरगळही तीन चौकटींचीच करावी. खाली बॉम्ब पडला ते गाव, मध्ये विमानातली माणसे, आणि वर त्यांचे घर. एकही चौकट गाळली तर दगड खोटा. तो म्हणाला, "पण गुरुजी, घराच्या चौकटीत काय कोरायचं?"

मी म्हटले, उघडे दार.