शून्य किमतीचा पादचारी : पुण्यातील पादचारी व सायकल धोरणांची चिकित्सा

प्रस्तावना

शहरातील रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी सुरक्षित असावेत, या विचाराला गेल्या दोन दशकांत धोरणांची वाण पडलेली नाही. केंद्र शासनाने एप्रिल २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले आणि रस्त्याच्या जागेचे वाटप करताना वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी असावीत, हे तत्त्व त्यात मांडले. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी सुविधा व सुरक्षिततेचे धोरण स्वीकारले, त्याच सुमारास रस्त्यांच्या आरेखनाची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि २०१७ च्या अखेरीस सर्वसाधारण सभेने सायकल आराखड्यास मंजुरी दिली. या दस्तऐवजांची भाषा नवी आहे, उद्दिष्टांबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तरीही शहरातील एखाद्या मोठ्या चौकात रस्ता ओलांडण्यासाठी ताटकळणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला या धोरणांचा अनुभव अभावानेच येतो.

या विसंगतीचे स्पष्टीकरण बहुधा 'अंमलबजावणीचा अभाव' एवढ्या दोन शब्दांत दिले जाते. धोरण चांगले, अंमलबजावणी वाईट, ही विभागणी सर्वांच्याच सोयीची आहे. धोरण लिहिणारा सुटतो, राबवणाऱ्याला निधी व मनुष्यबळाची सबब मिळते आणि टीकाकारालाही अधिक खोलात जावे लागत नाही. प्रस्तुत लेखात या स्पष्टीकरणाचीच चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. नव्या धोरणांनी रस्त्याचे उद्दिष्ट बदलले, परंतु रस्ता मोजण्याचे माप जुनेच राहू दिले, आणि जेथे उद्दिष्ट व माप यांत विरोध येतो तेथे प्रत्येक वेळी मापाचाच विजय होतो, असे येथे प्रतिपादन आहे.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळपास एक जण पायी चालत होता.

मोजमापाचा प्रश्न

भारतीय रस्त्यांवर मोटार, दुचाकी, रिक्षा, बस, सायकल, हातगाडी अशी सरमिसळ वाहतूक असते. अशा रस्त्याची क्षमता ठरवण्यासाठी सर्व वाहनांचे रूपांतर एका समान एककात करावे लागते. हे एकक म्हणजे 'पॅसेंजर कार युनिट', अर्थात पीसीयू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नागरी रस्त्यांच्या क्षमतेविषयीच्या १९९० च्या मार्गदर्शक तत्त्वांत (आयआरसी १०६) याचा तक्ता आहे. मोटारीचे मूल्य १ धरलेले आहे. एकूण वाहतुकीत त्या वाहनाचा वाटा किती, यानुसार दुचाकीचे मूल्य ०.५ ते ०.७५, सायकलीचे ०.४ ते ०.५, बसचे २.२ ते ३.७ आणि हातगाडीचे २ ते ३ असे ठरते.

हा तक्ता एखाद्या साहित्यकृतीइतक्याच बारकाईने वाचण्यासारखा आहे. चाळीस प्रवासी घेऊन जाणारी बस येथे ३.७ मोटारींएवढी आहे. एकटा चालक असलेली मोटार १ आहे. बसमधील चाळीस माणसे तक्त्यात कोठेच नाहीत, दिसतो तो तिच्या आकाराचा आणि संथपणाचा अडथळा. पोटासाठी हातगाडी ओढणारा मनुष्य दोन-तीन मोटारींची जागा अडवणारा ठरतो. सायकल आणि दुचाकी यांच्यात तर नाममात्रच फरक उरतो. हे एकक वाहतुकीची उपयुक्तता मोजत नाही. एका वाहनामुळे मोटारीच्या प्रवाहाला किती अडचण होते, एवढेच ते मोजते. पायी चालणाऱ्या माणसाला या तक्त्यात मूल्यच नाही. त्याचा परिणाम जाणवतो तो फक्त रस्त्याची क्षमता घटवणारा 'बाजूचा अडथळा' म्हणून.

येथे न्याय्य असणे आवश्यक आहे. पीसीयू हे गणिताचे साधन आहे. सामाजिक न्यायाची कसोटी म्हणून ते कोणी तयार केले नव्हते. मिश्र वाहतुकीचा हिशेब त्याशिवाय करणे अभियंत्याला कठीण जाते. शिवाय पादचाऱ्यांसाठी त्याच संस्थेची स्वतंत्र पुस्तिका आहे. आयआरसी १०३ ही ती पुस्तिका १९८८ साली निघाली व २०१२ मध्ये सुधारण्यात आली. पदपथावर चालण्यासाठी निवासी भागात किमान १.८ मीटर व व्यापारी भागात किमान २.५ मीटर मोकळी रुंदी, कठड्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे अत्यंत समंजस निकष तीत आहेत. पुण्याच्या २०१६ च्या धोरणामागे हीच विचारसरणी आहे. मग दोष कोठे आहे?

दोष असा, की या दोन पुस्तिकांची एकमेकींशी गाठच पडत नाही. एक पुस्तिका पदपथाची, दुसरी रस्त्याची. जोवर पादचारी पदपथावरून सरळ चालत राहतो तोवर दोघींचाही कारभार सुखाने चालतो. परंतु कोणताही पादचारी केव्हातरी रस्ता ओलांडतोच. त्या क्षणी तो दुसऱ्या पुस्तिकेच्या हद्दीत शिरतो, आणि तेथे त्याची किंमत शून्य असते.

पदपथ सुधारला, चौक तसाच

जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७० च्या दशकात बांधलेला आणि खड्डे न पडणारा म्हणून पुणेकरांच्या कौतुकाचा विषय झालेला हा रस्ता. गेल्या दशकात त्याच्या पदपथांची पुनर्रचना झाली. पदपथ रुंद झाले, झाडांना मोकळी जागा मिळाली, बसण्यासाठी बाके आली. वृद्ध, लहान मुले, बाबागाडी घेतलेल्या माता यांची तेथील वर्दळ पाहता हा प्रयोग यशस्वी मानला पाहिजे. शहरातील दुकानदार व मोटारचालक अशा बदलाला कधीच तयार होणार नाहीत, हा समजही त्याने खोटा ठरवला. पादचारी धोरणाच्या टीकाकारांनी हे यश मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

मात्र हे यश कोणत्या अटीवर मिळाले, हेही पाहावे लागते. हा रस्ता आणि त्याला समांतर असलेला फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता ही एकेरी वाहतुकीची जोडी आहे. एकेरी वाहतुकीमुळे समोरासमोरचे वळण टळते, सिग्नलचे टप्पे कमी होतात, रस्त्याची पीसीयू क्षमता वाढते आणि त्या वाढीतून पदपथासाठी जागा काढणे सोपे जाते. परंतु समोरून येणाऱ्या वाहनांचा धाक नसल्याने मोकळ्या वेळी वेगही वाढतो. पादचाऱ्याला रुंद पदपथ मिळाला आणि ओलांडण्यासाठी अधिक वेगवान रस्ता मिळाला. बसने प्रवास करणाऱ्यांना जाण्याचा थांबा एका रस्त्यावर व परतीचा दुसऱ्या रस्त्यावर शोधावा लागतो, ही आणखी एक बाब हिशेबात क्वचितच येते.

वेगाचा प्रश्न येथे गौण नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ३० किलोमीटरऐवजी ५० किलोमीटर वेगाने आलेल्या वाहनाच्या धडकेत सुमारे २.८ पट ऊर्जा असते. असे असता केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेने महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर ठरवली. स्थानिक यंत्रणेला ती कमी करण्याचा अधिकार आहे, हे खरे; पण आरंभबिंदू ७० असावा, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे.

सिग्नलचे गणित त्याहून बोलके आहे. पादचाऱ्यासाठी सिग्नलचा काळ ठरवताना चालण्याचा वेग सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. २४ मीटर रुंदीचा रस्ता या हिशेबाने २० सेकंदांत ओलांडता येतो. काठी टेकत सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या व्यक्तीला त्यासाठी ३० सेकंद लागतात. हे दहा सेकंद कोठून आणावयाचे? ते वाहनांच्या हिरव्या दिव्यातून काढावे लागतील, आणि काढले की चौकाची क्षमता घटली, असे गणित दाखवते. त्यात डावीकडचे वळण, ज्याला सर्वजण 'फ्री लेफ्ट' म्हणतात, कायम खुले असते. त्यामुळे पादचाऱ्याचा हिरवा दिवा लागला तरी झेब्रा पट्ट्यांवरून वाहने वळतच राहतात. हा चौक नियमाप्रमाणेच चालला आहे. येथे अंमलबजावणीचा अभाव नाही. उलट जुन्या मापाची चोख अंमलबजावणी आहे.

सायकलीची कथा

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य आता इतके घासले गेले आहे की त्यातील आशय हरवला आहे. महापालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसल्यास दंड, डबलसीट बसल्यास पोलिसाची शिट्टी, या आठवणींतून एक गोष्ट स्पष्ट होते : सायकल हे तेव्हा कायद्याने दखल घेतलेले वाहन होते. आज अनेक महाविद्यालयांत 'सायकल स्टँड' ही पाटी तशीच असून तिच्याखाली दुचाकी उभ्या असतात.

डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट–कात्रज व स्वारगेट–हडपसर या मार्गांवर बीआरटीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्यासोबत सायकल मार्गही आले. चौक, खांब, वाहनतळ आणि घसरगुंडीसारखे उतार यांनी ते जागोजागी तुटत गेले. याच प्रकल्पात बसथांबे रस्त्याच्या मध्यभागी असल्याने प्रत्येक प्रवाशाला अर्धा रस्ता ओलांडणे अपरिहार्य होते. बसचा प्रवासी हा आधी आणि नंतर पादचारीच असतो, ही साधी गोष्ट आखणीत दुय्यम राहिली.

२०१७ चा आराखडा या अनुभवातून काही शिकला. त्याने सायकलीकडे छंद म्हणून न पाहता वाहन म्हणून पाहिले, आणि ही त्याची जमेची बाजू होय. तथापि त्याचे यश किलोमीटरांत सांगितले जाऊ लागले आणि येथेही मापाने घात केला. दहा किलोमीटरचा मार्ग वीस ठिकाणी तुटला तर तो दहा किलोमीटरचा मार्ग राहत नाही. अर्ध्या किलोमीटरचे वीस तुकडे उरतात, आणि सायकलस्वाराला प्रत्येक तुकड्याच्या शेवटी मोटारींच्या प्रवाहात उतरावे लागते. लांबीच्या तक्त्यात मात्र बेरीज दहाच दिसते. २०१७-१८ मध्ये भाड्याच्या सायकलींची जी लाट आली व ओसरली, तिचे मूल्यमापनही असेच सायकलींच्या संख्येवर झाले. त्या सायकली कोणत्या रस्त्यावर चालवावयाच्या, हा प्रश्न त्या संख्येमागे झाकला गेला.

'अतिक्रमण' कोणाचे?

धोरणाची भाषा तपासताना एक मराठी शब्द वगळता येत नाही. पदपथावर भाजी विकणारी स्त्री 'अतिक्रमण' करते. तिच्यासाठी महापालिकेत स्वतंत्र विभाग आहे. त्याच पदपथाला लागून, कित्येकदा त्याच्यावर, उभ्या राहिलेल्या मोटारीसाठी मात्र 'पार्किंगची समस्या' असा शब्दप्रयोग होतो. एकीचे कृत्य अपराध, दुसऱ्याची अडचण. नियोजनात एका मोटारीसाठी साधारण २.५ मीटर गुणिले ५ मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात; भाजीची टोपली त्याच्या दशांशातही मावते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, तरी भाषेत बदल झालेला नाही. उलट २०१८ मध्ये पुण्याच्या सार्वजनिक पार्किंग धोरणाने रस्त्यावरील जागेचे शुल्क आकारण्याचा विचार मांडला तेव्हा विरोध इतका झाला, की ते प्रायोगिक तत्त्वावर मोजक्या रस्त्यांपुरते सीमित करण्यात आले, आणि तेथेही ते रुजले नाही.

पादचाऱ्याचा हक्क हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा लागतो. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या १९८५ च्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथवासीयांचा उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला, पण पदपथ हे ये-जा करणाऱ्यांसाठी असतात, हेही सांगितले. त्यानंतरच्या काळात पादचारी आठवतो तो बहुधा फेरीवाल्याला हटवताना. मोटार हटवताना तो क्वचितच आठवतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भाग मानला आणि दिव्यांगांना वापरता येतील असे पदपथ असावेत, यावर भर दिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ (१अ) व कलम १९८अ आले. पहिल्याने पादचारी व बिगरयांत्रिक वाहनांसंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. दुसऱ्याने सदोष रस्तेबांधणीसाठी संबंधित यंत्रणा व ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. एका माणसाच्या मृत्यूसमोर हा आकडा किती तोकडा आहे, हे वेगळे सांगावयास नको. तरीही सदोष आरेखन हा प्रथमच कायद्याच्या कक्षेत आलेला दोष आहे, म्हणून त्याचे महत्त्व.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद असतो. रस्त्याच्या मधोमध मुले खेळतात, कलावंत कार्यक्रम सादर करतात. या उपक्रमाला सोहळा म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते अयोग्य ठरेल. एरवी अशक्य म्हणून सांगितली जाणारी गोष्ट एक दिवस शक्य होते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. प्रश्न उरतो तो उरलेल्या ३६४ दिवसांच्या वाहतूक सर्वेक्षणांचा. या सर्वेक्षणांत प्रत्येक वाहनाचा चौकातील विलंब सेकंदांत नोंदवला जातो. त्याच चौकात किती माणसे ओलांडतात, त्यांना किती सेकंद थांबावे लागते, आणि कंटाळून किती जण लाल दिव्यात धावतात, यासाठी त्याच तक्त्यात, त्याच वजनाचा रकाना असला पाहिजे. महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांसमोरील रस्ते यासाठी सर्वांत जवळचे क्षेत्र आहे. भूगोल व संख्याशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांना सकाळच्या वर्ग सुटण्याच्या वेळी अशी नोंद घेता येईल, आणि ती नोंद पुढच्या चौकसुधारणेच्या प्रस्तावासोबत महापालिकेच्या पथ विभागाकडे पाठवता येईल.