कार्तिए-ब्रेसाँ यांचे ‘जुने जग’

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१० साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८-२००४) यांच्या छायाचित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले होते. सुमारे ३०० छायाचित्रे, आणि सुरुवातीलाच या भटक्या माणसाच्या प्रवासांचे भले मोठे नकाशे. त्यांची नजर, त्यांची चौकट यांविषयी आम्ही नव्याने काय सांगावे? आम्हाला खटकतात ती विभागांची नावे. आशिया ‘जुन्या जगा’त, तर ‘नवे जग’ म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत रशिया! फाळणीनंतरचा हिंदुस्थान, १९४९ चा चीन, त्याच वर्षीचा इंडोनेशिया या माणसाने कॅमेऱ्यात पकडला. तिथे जुने मोडत होते, नवे जन्मत होते. त्याला ‘जुने’ म्हणणारी नजर मांडणी करणाऱ्यांची आहे, छायाचित्रकाराची नव्हे.

श्रीनगरचे १९४८ चे त्यांचे चित्र जगभर गाजले. हरि पर्बतच्या उतारावर पाठमोऱ्या स्त्रिया, एकीचे हात पुढे पसरलेले, समोर ढग आणि डोंगर. हिमालयाआडून उगवत्या सूर्याकडे तोंड करून मुस्लिम स्त्रिया प्रार्थना करीत आहेत, अशी ओळ त्याखाली छापली जाते. आता काश्मीरहून किब्ला पश्चिमेकडे. तेव्हा ही नमाज नाही, हे आपल्या घरातले पोरही सांगेल. पसरलेले हात दुआचे आहेत. त्याच टेकडीवर हजरत शेख हमजा मखदूम यांचा दर्गा आहे. त्या बाया कदाचित तिथेच आलेल्या असतील. ओळीत दर्ग्याचा उल्लेख नाही, सूर्य मात्र आहे. त्यामुळे मागणे मागणाऱ्या साध्या बाया परक्या डोळ्यांना सूर्यपूजक वाटू लागतात. चित्राला सहसा कात्री न लावणाऱ्या कलावंताच्या वाट्याला अशी ओळ यावी!

दुसरे चित्र महरौलीचे. तिथून बाहेर पडणारे गांधीजी. ओळ एवढेच सांगते की हे मुस्लिम श्रद्धास्थान. पण १३ ते १८ जानेवारी १९४८ च्या उपोषणात त्यांची एक अटच होती, की ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींचा उरूस निर्धास्तपणे भरावा. दंगलीत दर्ग्याची मोडतोड झाली होती, मुसलमान परागंदा झाले होते. उरूस भरला. २७ तारखेला गांधीजी तिथे गेले, ३० तारखेला त्यांचा खून झाला. त्याच दिवशी, काही तास आधी, कार्तिए-ब्रेसाँ त्यांना भेटले होते. अंत्ययात्रेची त्यांची चित्रे सर्वांना ठाऊक आहेत. आम्हाला मात्र महरौलीचे चित्र अधिक मोलाचे वाटते: तिथली गर्दी उरुसाला आलेली आहे, आणि ती परत आलेली आहे.