गोव्यातलं एक हाड आणि आपलं रेवदंडा

अलिबागहून रेवदंड्याला गेलात की कोटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात आणि वाड्यांमध्येच पोर्तुगीज चर्चचे पडके अवशेष. 1740 मध्ये कोट मराठ्यांकडे आला, त्याआधी दोन शतकं इथे पोर्तुगीजांचा वावर होता. चर्चमध्ये आणि आवारात दफन करण्याची त्यांची रीत. म्हणजे या वाड्यांखाली माणसं असणार. अशा हाडांवरून नेमकं काय सांगता येतं? त्यासाठी आज गोव्याचा एक शोधनिबंध जरा चिकित्सकपणे वाचू या.

जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने शिराझला ठार केलं गेलं. ऑगस्टिनियन भिक्षूंनी तिचे काही अवशेष गोव्यात आणले. सेंट ऑगस्टीन मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत ते ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. पुढे मठ ओस पडला, कोसळला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसून चॅपेल शोधलं, तेव्हा हाताचं एक हाड आणि आणखी दोन अवशेष मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबीने त्यांचा डीएनए तपासला आणि 2014 मध्ये 'मायटोकॉन्ड्रियन' या नियतकालिकात निबंध आला.

तपासला तो मायटोकॉन्ड्रियल डीएनए, जो फक्त आईकडून येतो. हाताच्या हाडाचा गट निघाला यू-1-बी. बावीस हजारांहून जास्त भारतीयांच्या नमुन्यांत तो नव्हता. जॉर्जियाच्या 30 जणांत दोघांकडे होता. शीर्षकात लेखकांनी हे हाड 'बहुधा' केतेवानचं असल्याचं म्हटलंय. बातम्यांमध्ये तो 'बहुधा' बऱ्याचदा गळाला.

इथे माझी पहिली शंका. 'भारतात नाही' म्हणजे 'जॉर्जियाचीच' असं होत नाही. त्या मठात युरोपातून आलेले भिक्षू राहत होते. खरी तुलना त्यांच्या मुलखांशीही हवी, आणि जॉर्जियाचे 30 नमुने फारच थोडे. नुसत्या डीएनएवर हा दावा उभा राहत नाही. त्याला आधार आहे तो जागेचा: कुठलं चॅपेल, कुठली खिडकी. तेच हाड कुणी पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणलं असतं, तर 'कुणीतरी परदेशी' यापलीकडे फार काही सांगता आलं नसतं.

दुसरा मुद्दा मला जास्त खटकतो. उरलेल्या दोन अवशेषांत दक्षिण आशियातले गट सापडले. निबंधात त्यांचं काम केतेवानपेक्षा वेगळं दिसण्यापुरतं. ही माणसं कोण होती? इथलीच असतील, तर त्यांचे अवशेष त्या चॅपेलमध्ये कसे? शिवाय आपल्या दमट, उष्ण हवेत जुना डीएनए लवकर तुटतो आणि हाताळणाऱ्यांचा डीएनए मिसळू शकतो. यू-1-बी भारतीय संशोधकाच्या हातून आला असण्याची शक्यता कमी. दक्षिण आशियाई गटांबाबत ही सोय नाही, म्हणून तिथे पुराव्याची कसोटी अधिक कडक हवी.

राणीचे अवशेष 2021 मध्ये जॉर्जियाला सन्मानाने दिले गेले. छानच झालं. पण दफनभूमीचं विज्ञान फक्त राण्यांसाठी नसतं. लंडनमध्ये क्रॉसरेल रेल्वेसाठी लिव्हरपूल स्ट्रीटला खणण्याआधी जुन्या दफनभूमीचं रीतसर उत्खनन झालं. तीन हजारांहून जास्त सांगाडे निघाले, बहुतेक सामान्य लोकांचे, आणि काहींच्या दातांत 2016 मध्ये प्लेगच्या जिवाणूचा डीएनए ओळखता आला.

आपल्याकडे केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे 200 मीटर परवानगी लागते. त्याबाहेर पाया खणण्याआधी उत्खनन कराच, अशी सरसकट सक्ती नाही. आणि मांडव्याची रो-रो, अटल सेतू यांमुळे मुंबई जवळ आल्यापासून अलिबाग तालुक्यात बंगल्यांसाठी जमिनी भराभर विकल्या जातायत. जेसीबीच्या एका फेऱ्यात हाड कदाचित वाचेल, पण ते कुठे, कुठल्या थरात, कशाशेजारी होतं हे कायमचं जाईल. मग कितीही भारी सिक्वेन्सिंग मशीन आणा, उपयोग नाही.

म्हणून एक विनंती. वाडीत काम करताना अक्षरं कोरलेला दगड किंवा हाडं दिसली, तर उचलू नका. जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला आणि तहसील कार्यालयाला कळवा.