खामगावचा दूरध्वनी आणि व्यापारी कायद्याचे अध्यापन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमात व्यापारी कायदा हा विषय बहुधा एखाद्या सत्रातच आटोपला जातो. भारतीय करार कायदा, १८७२ आणि वस्तू विक्री कायदा, १९३० हे त्याचे दोन मुख्य आधार होत. या विषयावरील परिचयात्मक पुस्तके सामान्यतः व्याख्या, आवश्यक घटक, प्रकार आणि फरक या चौकटीत लिहिलेली असतात. न्यायनिर्णयांचा उल्लेख नियमाच्या शेवटी, पुरावा म्हणून, एका ओळीत येतो. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा एका निर्णयाच्या आधारे करावयाची आहे. तो निर्णय विदर्भातील एका सौद्यातून निर्माण झाला आणि त्यातील भिन्नमत नागपूरशी निकटचा संबंध असलेल्या न्यायमूर्तींनी लिहिले. तरीही आपल्या वर्गांत तो केवळ नावाने ओळखला जातो.

खटल्याची हकीकत

भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध मेसर्स गिरधारीलाल परशोत्तमदास आणि कंपनी हा तो खटला. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची खरेदीदार पेढी आणि खामगाव येथील केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्स यांच्यात लांब पल्ल्याच्या दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा तोंडी सौदा झाला. माल मिळाला नाही, अशी तक्रार करून खरेदीदारांनी अहमदाबादच्या नगर दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. करार खामगावात झाला असल्याने अहमदाबादच्या न्यायालयास अधिकारक्षेत्र नाही, असा बचाव खामगावच्या विक्रेत्यांनी घेतला.

प्रस्ताव अहमदाबादहून आला, स्वीकृती खामगावहून दिली गेली, माल खामगावातच द्यावयाचा होता आणि पैसेही तेथेच चुकते करावयाचे होते, असे निष्कर्ष प्रथम न्यायालयाने काढले. म्हणजे वस्तुस्थितीचे जवळजवळ सर्व मुद्दे विक्रेत्यांच्या बाजूने लागले. असे असूनही दावा अहमदाबादेतच चालेल, असे त्या न्यायालयाने ठरविले. कारण, त्याच्या मते, दूरध्वनीवरील करार जेथे स्वीकृती प्रस्तावकाच्या कानी पडते तेथे पूर्ण होतो. गुजरात उच्च न्यायालयाने पुनरीक्षण अर्ज प्रारंभीच फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट १९६५ रोजी बहुमताने तोच निष्कर्ष कायम केला.

एका ओळीत न मावणारा आशय

‘दूरध्वनीवरील करार प्रस्तावकाने स्वीकृती ऐकली त्या ठिकाणी होतो’, हे वाक्य पुस्तकात असते आणि ते चूकही नाही. परंतु त्यात तीन गोष्टी हरवतात.

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रश्न उपस्थितच का झाला. करार कोठे झाला याला स्वतंत्र महत्त्व नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० नुसार वादकारण पूर्णतः वा अंशतः जेथे उद्भवते तेथेही दावा लावता येतो, म्हणून त्याला महत्त्व येते. हे न सांगितल्यास विद्यार्थ्याला तो नियम निरर्थक कोड्यासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट काळाची आहे. जुलै १९५९ मधील सौद्याविषयी ऑगस्ट १९६५ मध्ये जे ठरले ते इतकेच, की भांडण कोणत्या गावी करावयाचे. नुकसानभरपाई देय होती की नाही, हा प्रश्न अद्याप पुढेच होता. सहा वर्षांचा हा हिशेब भावी व्यवस्थापकाला ज्या तीव्रतेने शिकवील तितक्या तीव्रतेने कोणतीही व्याख्या शिकवू शकणार नाही. त्या संभाषणानंतर दोन्ही पक्षांनी सौद्याच्या अटी आणि न्यायालयाचे ठिकाण नमूद करणारे एक पत्र परस्परांस पाठविले असते तर बराचसा वाद टळला असता.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. ती म्हणजे भिन्नमत.

बहुमत आणि भिन्नमत

न्या. जे. सी. शहा यांनी स्वतःसाठी व न्या. के. एन. वांछू यांच्यासाठी निर्णय लिहिला. पत्राने दिलेली स्वीकृती टपालात पडताच प्रस्तावकावर बंधनकारक होते, हा नियम व्यापाराच्या सोयीसाठी केलेला अपवाद आहे. दूरध्वनीवर मात्र दोन्ही पक्ष एका अर्थी समोरासमोर असतात, म्हणून तो अपवाद येथे लागू होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. टेलेक्सविषयीच्या एंटोरेस खटल्यातील १९५५ चा इंग्रजी निर्णय त्यांना मार्गदर्शक वाटला.

न्या. एम. हिदायतुल्ला यांनी याच्याशी मतभेद नोंदविला. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले, वकिली येथेच झाली आणि १९५४ ते १९५६ या काळात ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या मते संसूचना केव्हा पूर्ण होते हे करार कायद्याचे कलम ४ स्वतःच सांगते. स्वीकृती स्वीकारकर्त्याच्या हातून सुटून मार्गस्थ झाली की ती प्रस्तावकाविरुद्ध पूर्ण होते. ही भाषा दूरध्वनीलाही सामावून घेण्याइतकी व्यापक असल्याने करार खामगावातच झाला, असे त्यांनी प्रतिपादिले.

दूरध्वनीचे पेटंट १८७६ चे आहे, म्हणजे करार कायद्याच्या चार वर्षांनंतरचे. कायदा करणाऱ्यांच्या कल्पनेतही नसलेल्या साधनाला जुने शब्द लावावेत की त्या शब्दांमागील हेतू शोधावा, हा या मतभेदाचा गाभा आहे. प्रस्तुत लेखकास बहुमताचा निष्कर्ष व्यवहारदृष्ट्या अधिक सोयीचा वाटतो. तथापि कलमाच्या शब्दांपाशी भिन्नमत अधिक प्रामाणिक राहते. दोन्ही बाजू इतक्या समतोल असलेले उदाहरण परिचयात्मक वर्गासाठी क्वचितच सापडेल.

आजचा संदर्भ

टेलेक्स गेला, तरी प्रश्न कायम आहे. आज जिनिंग-प्रेसिंगचा वा अडतीचा सौदा मोबाइलवरील संदेशाने होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, पक्षांत अन्यथा ठरले नसल्यास, इलेक्ट्रॉनिक अभिलेख पाठविणाऱ्याच्या व्यवसायस्थळाहून निघाला आणि घेणाऱ्याच्या व्यवसायस्थळी पोचला असे मानले जाते. अकोल्याचा व्यापारी हैदराबादेत असताना संदेश पाठवितो, तेव्हाही तो अकोल्याहून निघाला असे धरले जाते. खामगावचा खटला समजलेल्या विद्यार्थ्यालाच या तरतुदीचे प्रयोजन कळेल.

मागणीपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या ‘वाद अमुक शहराच्या न्यायालयात’ या अटीचेही तसेच आहे. ज्या न्यायालयास मुळात अधिकार नाही त्यास पक्षांच्या संमतीने तो देता येत नाही. मात्र अधिकार असलेल्या दोन न्यायालयांपैकी एक निवडता येते, असे हाकम सिंग विरुद्ध गॅमन इंडिया (१९७१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ही ओळ न वाचता सही करणारा लहान पुरवठादार परगावी खेपा घालण्याचा खर्च आधीच मान्य करून बसलेला असतो.

एक आक्षेप

व्यवस्थापनाचा विद्यार्थी वकील होणार नाही, मग भिन्नमताचा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. वेळेची मर्यादाही खरी आहे. परंतु वकिलाकडे केव्हा जावे आणि त्यापूर्वी काय लिहून ठेवावे, हे व्यवस्थापकालाच ठरवावे लागते. ते पाठांतराने येत नाही. कार्बोलिक स्मोक बॉलचा इंग्रजी खटला शिकविण्यास विरोध नाही. त्याच्या शेजारी खामगावची पेंडही असावी, एवढेच म्हणणे आहे.

समारोप

यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. चार तासिकांत हे साधता येईल. पहिलीत केवळ वस्तुस्थिती मांडून विद्यार्थ्यांना निर्णय करू द्यावा, दुसरीत बहुमत, तिसरीत भिन्नमत वाचावे आणि चौथीत त्याच सौद्याचे पुष्टीपत्र मराठीत लिहून घ्यावे. परीक्षेतही ‘टीप लिहा’ याऐवजी एखाद्या सौद्याची हकीकत देऊन उत्तराची कारणे विचारावीत. व्याख्या विसरल्या जातात. एकदा स्वतः लिहिलेले पुष्टीपत्र मात्र विद्यार्थ्याच्या पहिल्या सौद्यातच उपयोगी पडेल.