परिचर्येतील अलिखित भाषांतर : नांदेड-लातूर परिसरातील रुग्णशिक्षणाच्या भाषेचा विचार

परिचर्याशास्त्राचे वाङ्मय हा मराठी समीक्षेचा विषय सहसा होत नाही. त्याचे कारण उघड आहे. ह्या शास्त्राचे प्रमाणग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आहेत, पदवी अभ्यासक्रमाचे माध्यमही इंग्रजीच आहे. आणि मराठीत जे घडते ते कागदावर न उतरता रुग्णाच्या खाटेशेजारी बोलले जाते. देगलूरच्या किंवा निलंग्याच्या वृद्धेला इन्सुलीन कसे टोचावे हे सांगताना परिचारिका जे करते ते वस्तुतः भाषांतर होय. मूळ संहिता इंग्रजी, लक्ष्यभाषा बोली, हाताशी वेळ पाच मिनिटे, आणि भाषांतर चुकले तर त्याचे फळ भाषांतरकाराने नव्हे, श्रोत्याने भोगायचे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने अशा भाषांतराची चिकित्सा करू नये, असे म्हणण्यास काही आधार दिसत नाही.

ह्या चिकित्सेस आरंभबिंदू फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' ह्या १८५९ च्या अखेरीस निघालेल्या छोट्या पुस्तकात सापडतो. शुद्ध हवा, प्रकाश व स्वच्छता ह्यांविषयीच्या आग्रहासाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्यातील दोन प्रकरणे अधिक मोलाची वाटतील. एकात रुग्णाभोवती चालणाऱ्या पोकळ दिलाशांचा आणि फुकट सल्ल्यांचा समाचार घेतला आहे. दुसरे निरीक्षणाविषयी आहे, आणि तेथे लेखिकेचा खरा रोख प्रश्नाच्या घडणीवर आहे. रात्र बरी गेली का, असे विचारले तर उत्तर प्रश्नातच दडलेले असते. झोप किती तास लागली आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी, असे विचारले तरच काही हाती लागते, असे तिचे प्रतिपादन आहे. आक्षेप वैद्यकीय दिसतो, पण मुळात तो व्याकरणाचा आहे. तथापि ह्या ग्रंथाची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. ज्यांच्यावर इतरांच्या प्रकृतीचा भार आहे अशा घरोघरच्या स्त्रियांसाठी तो लिहिलेला असून, त्यातील रुग्ण हा पाहण्याचा विषय आहे, शिकणारा मनुष्य नव्हे. दिवा आणि शपथ ह्यांच्या भक्तीत ही गोष्ट विसरली जाते. (तिच्या नावाची ती शपथही तिने लिहिलेली नाही, ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे रचली गेली.)

नाइटिंगेलचा हा निकष मराठीला लावला की पहिला दोष सापडतो तो एका अक्षराचा. ‘समजलं ना?’ ह्या प्रश्नातील ‘ना’ होकार गृहीत धरतो. त्यात विचारणारी पांढऱ्या गणवेशातील शिकलेली सिस्टर, आणि उत्तर देणारी उभ्या जन्मात दवाखान्यात फारशी न आलेली बाई. ‘व्हय बाई’ हे उत्तर मग आकलनाचे नसते, अदबीचे असते. ह्याऐवजी ‘घरी गेल्यावर सुनेला हे कसं सांगाल?’ असे विचारले तर तीच बाई बोलू लागते, आणि तिला काय कळले नाही ते तिच्याच तोंडून बाहेर पडते. शिकवलेले परत वदवून घेण्याची ही रीत आजच्या परिचर्याग्रंथांत आग्रहाने सांगितलेली आहे. मराठीत ती आणताना केवळ सूचना अनुवादून भागत नाही. प्रश्नाची घडणच बदलावी लागते.

दुसरा प्रश्न शब्दसंग्रहाचा. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि दरबारी उर्दूचा ठसा येथील दवाखान्याच्या बोलीवर अद्याप दिसतो. मराठवाड्यात रुग्णाला दवाखान्यात ‘शरीक’ करतात. घरी जाऊ देतात तेव्हा त्याची ‘सुट्टी’ होते. हा दुसरा शब्द मराठीत इतरत्रही रूढ आहे, आणि तो निरुपद्रवी मात्र नाही. सुट्टी म्हणजे सुटका. शाळेची सुट्टी झाली की पाटी मिटते. औषध, पथ्य, फेरतपासणी ह्यांचे खरे ओझे ज्या घटकेपासून घरच्यांच्या शिरी येते, त्याच घटकेला भाषा सर्व संपल्याचे सांगते. आणि महत्त्वाच्या बहुतेक सूचना ह्याच वेळी, नातेवाईकांचे लक्ष एसटीच्या वेळेकडे लागलेले असताना, एका दमात उरकल्या जातात.

‘उपाशीपोटी’ हा शब्दही असाच फसवा आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन रक्त तपासावयास आलेली स्त्री ‘आज उपाशीच आहे’ म्हणते, ते खोटे नसते; तिच्या भाषेत उपवास म्हणजे पोट रिकामे असणे नव्हे. तिच्याच बोलीतील ‘अनशापोटी’ हा शब्द येथे अधिक नेमका आहे. पण तो गावंढळ समजला जातो.

संदिग्धतेची किंमत किती, हे इन्सुलीनच्या उदाहरणाने आकड्यांत दाखविता येते. भारतात कुपीतील इन्सुलीन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट ह्या प्रमाणात मिळते. त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिट प्रमाणाच्या इन्सुलीनसाठी वेगळी, नारिंगी टोपणाची. ‘विसाच्या रेघेपर्यंत भरा’ एवढीच सूचना लक्षात ठेवून एखाद्याने चाळिसाचे इन्सुलीन शंभराच्या सिरिंजमध्ये विसापर्यंत भरले, तर अंगात ८ युनिटच जातात. उलट घडले, म्हणजे शंभराचे इन्सुलीन चाळिसाच्या सिरिंजमध्ये भरले, तर २० च्या जागी ५० युनिट जातात आणि रक्तातील साखर उतरून जीव धोक्यात येतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पंचक परिचर्येच्या विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु रुग्ण घरी गेल्यावर ते पंचक सांभाळणारा तो स्वतःच असतो, आणि त्याच्यापाशी असते फक्त एक वाक्य. त्या वाक्यात टोपणाचा रंग नसेल, तर सूचना शुद्ध मराठीत असूनही अपुरी आहे.

सर्वच अनुवाद फसलेले आहेत असे नाही. अतिसारात द्यावयाच्या क्षार-साखरेच्या पाण्याला ‘जलसंजीवनी’ हे नाव ज्याने दिले त्याची भाषेची जाण उत्तम म्हटली पाहिजे. संजीवनी कीर्तनातून, पुराणातून ओळखीची; जल कळण्यास सोपे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ हे प्रमाणही पाठ होण्याजोगे आहे, मात्र चमचा घरचा कोणता हे दाखवावे लागते. बाळंतिणीच्या पहिल्या दुधाला ‘चीक’ म्हणतात, तेथे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. झाडाच्या चिकट स्रावालाही चीकच म्हणतात. ते दूध पिळून टाकण्याच्या जुन्या चालीला ह्या अर्थच्छटेचा हातभार लागला असल्यास नवल नाही. पण शेतकऱ्याच्या घरी हाच शब्द खरवसाची आठवण देतो, आणि वासराला पहिला चीक पाजल्यावाचून कोणी राहत नाही. चतुर परिचारिका ह्या दुसऱ्या अर्थाला हात घालते, आणि अर्धे शिक्षण तेथेच होते.

नांदेड जिल्ह्यात धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू, किनवटकडे गोंडी व कोलामी, तांड्यांवर गोरमाटी, शहरात दखनी. लातूरच्या सीमेवर उदगीर-निलंग्याकडे कन्नड. तेव्हा प्रमाण मराठीतील भित्तिपत्रक हेही येथे कित्येकांना परभाषेतीलच असते. ही अडचण अनुल्लंघ्य नाही हे इतरत्र दिसून आले आहे. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून खेड्यातील, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे ज्ञान दिले, आणि ते त्यांच्याच बोलीतून गावात पोचले. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या प्रयोगात खेड्यातील स्त्रियांनी घरी जाऊन नवजातांची काळजी घेतली. बालमृत्यू किती घटले ते १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे ज्ञान सांगणारी आणि ऐकणारी एकाच भाषेत राहत होती.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. औषधे, खाटा, रिक्त पदे ह्यांची चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. एका परिचारिकेकडे रुग्ण किती, ह्यावर पाच मिनिटांचे तीन होणे अवलंबून असते. मात्र त्या मिनिटांत बोलले काय जाते, ह्याचा विचार पदसंख्येच्या हिशेबात बसत नाही. रुग्णाला माहिती दिली अशी खूण कागदावर करता येते. रुग्णाने ती परत कोणत्या शब्दांत सांगितली, हे लिहिण्यास त्या कागदावर सामान्यतः जागा नसते. परिचर्येच्या वर्गात बसणाऱ्या ज्या मुली मुखेड, अहमदपूर, औशाकडच्या खेड्यांतून येतात, त्यांना ते शब्द घरापासून ठाऊक असतात.