श्वास सोडून मारलेली बुडी

बुडी मारायची म्हटलं की आपण छाती भरून श्वास घेतो. अंटार्क्टिकातला वेडेल सील नेमकं उलट करतो. बर्फातल्या भोकाशी येतो, श्वास सोडतो आणि खाली जातो. खोलवर दाब वाढला की वायुकोश मिटतात, उरलीसुरली हवा श्वासनलिकेच्या ताठ भिंतींआड सरकते आणि नायट्रोजनला रक्तात शिरायला वाटच उरत नाही. वर येताना पाणबुड्यांना जो आजार गाठतो, त्याचा बंदोबस्त असा निघण्याआधीच झालेला असतो.

मग प्राणवायू ठेवला कुठे? रक्तात आणि स्नायूंत. सीलचं मांस काळपट दिसतं ते स्नायूंत प्राणवायू धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनमुळे. खरं तर हे प्रथिन इतकं दाटलं की त्याच्या गुठळ्याच व्हायच्या. पण २०१३ साली संशोधकांनी दाखवलं, की बुड्या मारणाऱ्या सस्तन प्राण्यांत या रेणूंवर धनभार जास्त असतो. ते एकमेकांना दूर लोटतात आणि गर्दीतही मोकळे राहतात. कोठार ठासून भरायचं, पण माल खराब होऊ द्यायचा नाही, ही सफाई काय वर्णावी!

खर्चाची तऱ्हा तर त्याहून देखणी. पाणीकपातीत गल्ल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून इस्पितळाची लाइन तेवढी चालू ठेवावी, तशा कातडी, आतडी, मूत्रपिंडांच्या धमन्या आवळतात. मेंदूचा पुरवठा मात्र चालू राहतो. हृदय मंदावतं. दोन ठोक्यांमध्ये रक्तदाब कोसळू नये म्हणून महाधमनीचा फुगीर आरंभ ठोक्यासरशी ताणला जातो आणि मग सावकाश आकसत रक्त पुढे ढकलत राहतो. सीलांच्या बुड्यांचा अभ्यास करणारे संशोधक जेराल्ड कूयमन यांच्या निरीक्षणांतली बारीक जागा अशी: बुडी लांबची असेल, तर ठोके सुरुवातीपासूनच जास्त संथ. खाली किती रेंगाळायचं, याचा अंदाज जणू हृदयाने निघतानाच बांधलेला!

हीच रचना आपल्यातही आहे, फक्त फिकट. श्वास रोखून थंड पाण्यात चेहरा बुडवा. चेहऱ्याच्या चेतातंतूंकडून मेंदूला वर्दी जाते, व्हेगस चेता हृदयाला आवरते. प्लीहाही आकसून राखीव तांबड्या पेशी रक्तात सोडते. इंडोनेशियातल्या समुद्रात बुड्या मारणाऱ्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या सालुआनांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. बजाऊंपैकी जे बुड्या मारत नाहीत, त्यांचीही ती मोठीच! म्हणजे ही निव्वळ सरावाची कमाई नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बुड्या वारशातच उतरल्या आहेत. सीलच्या अंगी जे कसलेलं दिसतं, ते माणसातही अजून घडतंच आहे.